क्षणिक चित्रांचें घरगुती भांडार

जुन्या काळीं पोथी नकलून काढणारा लेखक शेवटचें पान पुरें झाल्यावर वाचकाला एक विनंति करीत असे. या पोथीला तेलापाण्यापासून जपावें आणि ती भलत्याच्या हातीं पडूं देऊं नये, अशा आशयाची ती असे. ज्यानें महिनोन्‌महिने मान मोडून अक्षर उतरविलें, त्यालाच तें नाहींसें होण्याची भीति सर्वांत अधिक वाटावी, हें स्वाभाविकच होय. लिहिलेल्या शब्दाला असा रखवालदार मिळाला. परंतु कीर्तनकाराचा आवाज, नटाची मुद्रा आणि गायिकेची तान यांना तो फार काळ मिळाला नाहीं. थॉमस एडिसन यानें १८७७ सालीं ध्वनिलेखनाचें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां आवाजाची पहिली पोथी तयार झाली. दूरचित्रवाणीच्या चित्राला त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षें वाट पाहावी लागली. १९५६ सालीं अमेरिकेंतील अँपेक्स कंपनीनें चित्रफितीचें पहिलें व्यवहारोपयोगी यंत्र पुढें आणलें, आणि हवेंत विरून जाणारें चित्र प्रथमच फितीवर धरून ठेवतां येऊं लागलें.

चित्र धरून ठेवण्याचें साधन मिळालें, तरी तें जपण्याची बुद्धि मात्र लगेच आली नाहीं. त्या फिती महाग होत्या, आणि एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा उतरवितां येत असे. या सोयीचा परिणाम असा झाला, कीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनसारख्या जगन्मान्य संस्थेनेंही १९६० ते १९८० या दोन दशकांतील आपले कितीतरी कार्यक्रम स्वतःच्या हातानें पुसून टाकले. 'डॉक्टर हू' या तिच्या सुप्रसिद्ध मालिकेचे अनेक भाग त्यांतच गेले. मौजेची गोष्ट ही, कीं त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. आणि तो संस्थेनें नव्हे, तर घरोघरच्या प्रेक्षकांनीं ध्वनिमुद्रण-यंत्र दूरचित्रवाणी-संचाशेजारीं ठेवून टिपला होता. अमेरिकेंत १९६७ सालीं झालेल्या पहिल्या 'सुपर बोल' सामन्याची कथाही अशीच आहे. तो सामना दोन बलाढ्य कंपन्यांनीं प्रक्षेपित केला, परंतु दोहोंपैकीं एकीजवळही त्याची प्रत राहिली नाहीं. पुढें पेनसिल्व्हेनिया राज्यांतील एका गृहस्थानें त्या दिवशीं केलेलें मुद्रण सांपडलें. फिलाडेल्फियांतील मॅरियन स्टोक्स या बाईंनीं तर तीस वर्षांहून अधिक काळ वृत्तवाहिन्यांचें मुद्रण रात्रंदिवस चालू ठेवलें. २०१२ च्या डिसेंबरांत त्या वारल्या, तेव्हां त्यांच्यामागें सत्तर हजारांच्या आसपास फितींचा संग्रह उरला, आणि तो पुढें 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेनें स्वीकारला. अधिकृत कोठारें रिकामीं झालीं असतां खाजगी कपाटांनीं इतिहास राखला, असाच या साऱ्याचा अर्थ होतो.

घरगुती फितीला मात्र दोन मोठे दोष होते. एक तर ती चुंबकीय फीत काळानें झिजे. आणि दुसरें, एका फितीवरून दुसरी प्रत काढली, कीं चित्र थोडें अधिक धूसर होई. नातवाच्या हातीं पडणारी प्रत आजोबांच्या प्रतीहून नेहमीं निकृष्टच असावयाची. हा दुसरा दोष अंकीय प्रक्षेपणानें मुळांतूनच नाहींसा केला. तो कसा, हें समजण्यासाठीं चित्राचा आकाशांतून घरापर्यंतचा प्रवास थोडा पाहिला पाहिजे.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर अंतरावर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोंवतालच्या गतीशीं जुळती गति राखतो. म्हणून तो जमिनीवरून एकाच जागीं स्थिर भासतो. अशा तीन उपग्रहांच्या साह्यानें जगभर संदेश पोंचवितां येतील, ही कल्पना आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें १९४५ च्या ऑक्टोबरांत 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकांत मांडली होती. आज गच्चीवर बसविलेली जी वाटोळी थाळी घरोघरीं 'डिश' किंवा 'छत्री' या नांवानें ओळखली जाते, ती अशाच एका स्थिर उपग्रहाकडे तोंड करून असते. जमिनीवरून वर आणि वरून पुन्हां खालीं येण्यास त्या लहरींना सुमारे पाव सेकंद लागतो. इतक्या दूरवरून येणारी ती शक्ति अत्यंत क्षीण असते. थाळी ती एका बिंदूंत एकवटते. तेथें बसविलेलें एलएनबी नांवाचें छोटें यंत्र ती वाढवितें, आणि १० ते १३ गिगाहर्ट्‌झच्या दरम्यानची तिची कंपनसंख्या उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या टप्प्यांत आणतें, कारण त्याहून अधिक कंपनसंख्येच्या लहरी साध्या तारेंतून खालच्या मजल्यापर्यंत धडपणें पोंचत नाहींत.

खालीं सेट-टॉप बॉक्समध्यें जें येतें, तें वस्तुतः चित्र नसतेंच. ती आंकड्यांची एक अखंड माळ असते. या माळेचे मणी सारख्या मापाचे, म्हणजे १८८ बाइटांचे असतात. प्रत्येक मण्याच्या तोंडाशीं ठराविक खूण, आणि तो कोणत्या वाहिनीच्या चित्राचा अथवा ध्वनीचा आहे हें सांगणारा क्रमांक असतो. एकाच लहरीवरून अनेक वाहिन्यांचे मणी एकमेकांत मिसळून येत असतात. यंत्र त्यांतून हव्या त्या क्रमांकांचे तेवढे वेंचून घेतें. वाटेंत कांहीं आंकडे बिघडणार हें गृहीत धरून, पहिल्या पिढीच्या उपग्रह-पद्धतींत प्रत्येक मण्यास आणखी १६ बाइटांची जोड देण्यांत आली. तिच्या आधारें आठ बाइटांपर्यंतची चूक यंत्र आपोआप दुरुस्त करतें.

मुद्रणाच्या दृष्टीनें महत्त्वाचा मुद्दा येथेंच आहे. हे वेंचलेले मणी पडद्यावर चित्र उमटविण्यासाठीं पुढें जातात, त्याच वेळीं ते जसेच्या तसे एखाद्या हार्ड डिस्कवर लिहूनही ठेवतां येतात. त्यांत चित्राचें पुनश्च चित्रण नाहीं, भाषांतर नाहीं; केवळ नक्कल आहे. त्यामुळें घरीं मुद्रित केलेली प्रत ही प्रक्षेपकानें पाठविलेल्या चित्राइतकीच निर्दोष असते, आणि तिची शंभरावी नक्कलही पहिलीच्या तोडीची राहते.

ही सोय सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आणण्याचें पुष्कळसें श्रेय जर्मनीकडे जातें. लक्झेंबुर्ग येथील एसईएस कंपनीचा पहिला अ‍ॅस्ट्रा उपग्रह डिसेंबर १९८८ मध्यें आकाशांत गेला, आणि पूर्वेस १९.२ अंशांवरील त्याच्या जागेकडे जर्मनींतील लक्षावधि थाळ्या वळल्या. तेथील सार्वजनिक वाहिन्या उपग्रहावरून कुलूप न लावतां पाठविल्या जात असल्यामुळें, त्या कशा टिपाव्या याविषयीं तेथील हौशी तंत्रज्ञांना मोकळें रान मिळालें. क्लाउस श्मिडिंगर यानें २००० च्या सुमारास 'व्हीडीआर' नांवाची एक आज्ञावलि लिहून ती सर्वांस खुली केली. साध्या संगणकास उपग्रहाचें कार्ड जोडलें, कीं तिच्या योगें मुद्रणयंत्र तयार होई. पुढें ल्युनेन गांवच्या एका कंपनीनें 'ड्रीमबॉक्स' या नांवाचे असे सेट-टॉप बॉक्स विकावयास आणले, कीं ज्यांच्या आंत लिनक्स ही खुली कार्यप्रणाली चालत असे. वरून दिसावयास ती पेटी इतरांसारखीच असली, तरी आंतून ती एक छोटा संगणक होती; आणि संगणक असल्यामुळें ती घरांतील दुसऱ्या संगणकांशीं बोलूं शकत होती.

यांतूनच जाळ्यावरील साठवणीची कल्पना रुजली. पेटीच्या पोटांतच हार्ड डिस्क बसवावी, तर ती लवकर भरते, तिची घरघर ऐकूं येते, आणि पेटी बिघडली कीं तींतील संग्रहही अडकून पडतो. त्याऐवजीं घराच्या एका कोंपऱ्यांत, माळ्यावर अथवा कपाटांत, दोन किंवा चार डिस्क असलेलें एक स्वतंत्र साठवण-यंत्र ठेवावें आणि राउटरमधून तारेनें तें पेटीशीं जोडावें, हें अधिक सोयीचें ठरलें. अशा यंत्रास 'नॅस' म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं तयार केलेली 'एनएफएस' ही पद्धति, किंवा विंडोज-संगणकांची नेहमींची पद्धति वापरली, कीं दूरच्या त्या यंत्रांतील एक कप्पा पेटीला आपलाच वाटूं लागतो. ती त्यांत बिनदिक्कत लिहिते. आणि लिहिलेलें मात्र दिवाणखान्यांतील पडद्यावर, अभ्यासिकेंतील संगणकावर किंवा हातांतील मोबाइलवर कोठेंही पाहतां येतें.

यास किती जागा लागते, याचा हिशेब सोपा आहे. साध्या प्रतीचें चित्र सेकंदास ४ मेगाबिट या वेगानें येत असेल, तर एका तासास १.८ गिगाबाइट जागा खर्च होते. उच्च प्रतीचें चित्र १० मेगाबिट वेगानें येत असेल, तर ४.५ गिगाबाइट. चार टेराबाइटांच्या एका डिस्कवर पहिल्या प्रकारचें सुमारे २,२०० तासांचें मुद्रण मावतें. घरांतील साधी तारही सेकंदास १०० मेगाबिट वाहून नेऊं शकते. तेव्हां एक सोडून चार कार्यक्रम एकदम टिपले, तरी तारेवर ताण पडण्याचें कारण नाहीं.

असें असूनही प्रत्यक्षांत मुद्रणें बिघडतात, आणि त्यांचीं कारणें बहुधा किरकोळ असतात. पहिलें कारण म्हणजे तारेऐवजीं वापरलेलें वायफाय. शेजारच्या चार घरांच्या लहरी त्यांत मिसळल्या, कीं क्षणभर वेग मंदावतो. उपग्रह मात्र कोणासाठीं थांबत नाहीं, आणि तेवढे मणी कायमचे निसटतात. दुसरें कारण डिस्कची झोंप. वीज वाचविण्यासाठीं नॅसची डिस्क कांहीं वेळ काम नसल्यास फिरणें थांबविते; तिला पुन्हां वेग घेण्यास कांहीं सेकंद लागतात, आणि तेवढ्यांत उतावीळ पेटी 'जागा सांपडली नाहीं' म्हणून मुद्रणच सोडून देते. तिसरें कारण डिस्कची आंखणी जुन्या 'फॅट ३२' पद्धतीनें केलेली असणें. तींत चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाहीं, म्हणून उच्च प्रतीचा दोन तासांचा चित्रपट मध्येंच तुटतो. चौथें कारण घड्याळाचें. कार्यक्रम वेळापत्रकाबरहुकूम सुरू होतोच असें नाहीं. यास्तव आरंभीं पांच मिनिटें व शेवटीं दहा-पंधरा मिनिटें अधिक धरणें हा अनुभवी माणसाचा नियम असतो. नाहीं तर रहस्यकथेचा सारा उलगडा त्या सुटलेल्या शेवटच्या तीन मिनिटांतच असावयाचा! आणखी एक मर्यादा ध्यानीं ठेवावी लागते. पेटींतील एक ट्यूनर एका वेळीं एकाच लहरीवर बसतो. त्या लहरीवरच्या साऱ्या वाहिन्या तो एकत्र टिपूं शकेल, पण निराळ्या लहरीवरील वाहिनीसाठीं दुसरा ट्यूनरच लागतो.

भारतांत या विषयाला स्वतःचें असें रूप आहे. मुंबई दूरदर्शन-केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शननें मासिक वर्गणीवांचून घरोघरीं उपग्रहानें चित्र पोंचविणारी सेवा आरंभिली. आज ती 'डीडी फ्री डिश' या नांवानें पूर्वेस ९३.५ अंशांवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून चालते, आणि सह्याद्रि वाहिनी तींत असते. मुंबईच्या गच्चीवरील थाळी त्यासाठीं आग्नेयेकडे वळवावी लागते. येथें दोन अडचणी युरोपाहून अधिक जाणवतात. पहिली पावसाची. या लहरी ज्या टप्प्यांतील आहेत, त्या मुसळधार पावसांत शोषल्या जातात; आषाढाच्या सरीनें गायनाच्या ऐन भरांत चित्राचे चौकोनी तुकडे व्हावे, हा अनुभव कोंकणपट्टीस नवा नाहीं. थाळी थोडी मोठी घेणें व तिची दिशा अचूक जुळविणें, एवढाच त्यावर उपाय. प्रत्येक मण्यावर शून्य ते पंधरा असा फिरता अनुक्रमांक असतो. कोठें खंड पडला तें त्यावरून मुद्रणाची तपासणी करून सांगतां येतें, पण गेलेलें भरून काढतां येत नाहीं. दुसरी अडचण विजेची. लिहितां लिहितां वीज गेली, तर तें मुद्रणच नव्हे, तर डिस्कवरील अनुक्रमणिकाही बिघडूं शकते. म्हणून नॅस, राउटर आणि पेटी या तिघांनाही यूपीएसचा आधार असणें इष्ट.

परंतु पावसापेक्षां आणि विजेपेक्षांही मोठा प्रश्न निराळाच आहे. वर्गणीच्या खाजगी सेवांचे मुद्रण करणारे बॉक्स सामान्यतः तें सांकेतिक कुलुपांत ठेवतात, आणि त्या कुलुपाची किल्ली त्या विशिष्ट पेटीच्या व कार्डाच्या ठायींच असते. एखाद्या घरीं अशी कल्पना करावी, कीं वडिलांनीं तरुणपणीं गायिलेलें एक पद जुन्या कार्यक्रमाच्या पुनःप्रक्षेपणांत लागलें, तें घरच्यांनीं कौतुकानें टिपून ठेवलें, आणि पुढें वडील गेले. मागाहून एके दिवशीं पेटी बिघडते; कंपनीचा माणूस येऊन नवी देऊन जातो. जुनी डिस्क हातांत शाबूत आहे, तिच्यावर वडिलांचा आवाज आहे, परंतु तो आतां कोणत्याही यंत्रांतून ऐकूं येणार नाहीं. जर्मनींत २००९ मध्यें खाजगी वाहिन्यांची उच्च प्रतीची सेवा आली, तेव्हां मुद्रणावर व जाहिराती ओलांडण्यावर घातलेल्या बंधनांविरुद्ध तेथील प्रेक्षकांनीं जी नाराजी दाखविली, तिचें मूळ हेंच होतें. जें टिपलें तें आपलें, ही फितीच्या काळांत मुरलेली समजूत या कुलुपानें खोटी पाडली.

कंपन्यांची बाजूही अगदींच पोकळ नाहीं. निर्दोष नक्कल घरीं होऊं लागली, म्हणजे ती बाजारांत विकणारेही निघतात, आणि कलावंताच्या पोटावर पाय येतो. म्हणून कायद्यानें मधला मार्ग काढिला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी १९८४ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला, कीं सवडीनें पाहण्यासाठीं घरीं केलेलें मुद्रण हा गुन्हा नव्हे. जर्मनींत खाजगी नकलेस मुभा असून, तिचा मोबदला म्हणून मुद्रण-साधनांवर आकार बसविला आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचें ३९ वें कलम असें सांगतें, कीं खाजगी उपयोगासाठीं, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधन यांसाठीं केलेल्या ध्वनिमुद्रणानें किंवा चित्रमुद्रणानें प्रक्षेपण-संस्थेच्या हक्काचा भंग होत नाहीं. मात्र हक्कभंगाच्या हेतूनें तांत्रिक कुलूप फोडणें हा २०१२ च्या दुरुस्तीनें दंडनीय अपराध ठरविला आहे. टिपलेलें घरांत पाहावें, मुलाबाळांना दाखवावें. तें जाळ्यावर उधळूं नये, विकूं नये, ही मर्यादा सुजाण गृहस्थानें आपण होऊनच पाळावयाची आहे. आणि जेथें निवड करतां येते, तेथें कुलूप न लावतां येणाऱ्या वाहिन्या व खुल्या पद्धतीनें लिहिणारें यंत्र निवडणें, हाच संग्रह टिकविण्याचा निर्धोक मार्ग होय.

शेवटची गोष्ट जपणुकीची. नॅसमध्यें दोन डिस्क बसवून दोहोंवर तेंच लिहिण्याची व्यवस्था करतां येते. तिला 'रेड' म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरी राहते, म्हणून पुष्कळजण निर्धास्त होतात. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हीं डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, आणि चोर नेईल तर तो पेटी सगळीच नेईल. जें खरोखर मोलाचें आहे, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून दुसऱ्या घरीं, बहिणीकडे वा मित्राकडे ठेवणें, याला पर्याय नाहीं. तितकेंच अगत्याचें काम नांव घालण्याचें. यंत्र फाइलीस तारीख, वेळ व वाहिनी यांवरून नांव देतें. त्यांत कोण गात होतें, कोणता राग होता, मुलाखत कोणाची होती, हें बहुधा येत नाहीं. दोन हजार तासांच्या निनांवी ढिगाऱ्यांतून दहा मिनिटें शोधीत बसण्यास पुढच्या पिढीला सवड असणार नाहीं. महिन्यांतून एक रविवार सकाळ याकरितां राखून, जें ठेवावयाचें त्यास नीट नांव द्यावें आणि जें नको तें निर्दयपणें पुसून टाकावें. सर्वच राखूं पाहणाराच्या हातीं शेवटीं कांहींच लागत नाहीं.

पोथीच्या लेखकाला तेलाची व पाण्याची भीति होती. आजच्या पोथीला झोंपलेली डिस्क, गेलेली वीज, हरवलेली किल्ली आणि निनांवी फाइल यांची भीति आहे. शत्रु बदलले, तरी ती जुनी विनंति आजही तितकीच खरी आहे. आणि ती ऐकणारा माणूस बहुधा मोठ्या संस्थेंत नव्हे, तर एखाद्या घरांतच भेटतो, हें गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास सांगतो.